बंदी समुद्राने घातली नव्हती

'चेम्मीन' (१९६५) या मल्याळम चित्रपटाच्या शेवटी करुतम्मा आणि परीकुट्टी यांचे देह हातात हात गुंफलेले किनाऱ्याला लागतात. गळाला अडकलेला एक प्रचंड शार्क मासा वाहून येतो. त्याच्या मागे गेलेला करुतम्माचा नवरा पळनी परत येत नाही. या तिघांना कुणी मारलं, याचं चित्रपटाने दिलेलं उत्तर आहे : समुद्राने. कडलम्मा म्हणजे समुद्रमाता. दर्यावर गेलेल्या पुरुषाचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या पावित्र्यावर अवलंबून असतो आणि ती चुकली तर कडलम्मा तिच्या नवऱ्याला गिळते, ही समजूत चित्रपट सुरुवातीलाच सांगतो आणि अखेरीस खरी करून दाखवतो.

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६च्या कादंबरीवर रामू कारियाट यांनी हा चित्रपट केला. संगीत सलिल चौधरींचं, संकलन हृषीकेश मुखर्जींचं, छायाचित्रण मार्कस बार्टली यांचं, आणि मन्ना डे यांच्या आवाजातलं 'मानसमैने वरू'. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा दक्षिणेतला पहिला चित्रपट. त्याच्या कलात्मक उंचीबद्दल वाद नाही, आणि म्हणूनच त्याच्या उत्तराबद्दल वाद घालणं गरजेचं वाटतं. निषिद्ध प्रेमाच्या भारतीय चित्रपटांत एक सवय खोलवर मुरलेली आहे. बंदी घालणारी माणसं असतात, पण शिक्षा मात्र निसर्ग देतो. कधी समुद्र, कधी नदी, कधी नियती. प्रेक्षक रडतो आणि कुणालाही जबाबदार न धरता घरी जातो.

'चेम्मीन' बारकाईने पाहिला तर खरे हात त्यातच दिसतात. करुतम्माचे वडील चेंबनकुंजू यांना स्वतःची नाव आणि जाळं हवं आहे. भांडवल नाही. परीकुट्टी हा तरुण मुसलमान मासळी-व्यापारी त्यांना पैसे देतो. बोली अशी, की पकडलेली मासळी त्यालाच विकायची. नाव हातात आल्यावर चेंबनकुंजू मासळी दुसरीकडे विकतात, पैसे फेडत नाहीत आणि परीकुट्टीचं दिवाळं वाजतं. म्हणजे ज्या माणसाला या किनाऱ्यावर जावई म्हणून जागा नाही, त्याचं भांडवल मात्र चालतं. पुढे चेंबनकुंजू अनाथ पण दर्यावर तरबेज असलेल्या पळनीशी मुलीचं लग्न लावून देतात. करुतम्माला या सौद्यात कुठेही मत विचारलं जात नाही. आई चक्की तिला कडलम्माची भीती घालते, पण बाप कर्ज बुडवतो तेव्हा कडलम्मा मध्ये पडत नाही. या एका गोष्टीवरूनच ती समजूत कोणाच्या सोयीची आहे ते लक्षात यावं.

पळनीचा मृत्यू तर आणखी स्पष्ट आहे. करुतम्माबद्दल कुजबुज सुरू झाल्यावर त्याच्या गावचे साथीदार त्याच्याबरोबर दर्यावर जायला नकार देतात. मोठी नाव वल्हवायला तांडा लागतो. मागे सुकाणूवर एक, वल्ह्यांवर बाकीचे. तांड्याने टाकलेला माणूस छोटी होडी घेऊन एकट्यानेच जाणार आणि जाळ्याऐवजी गळावर भिस्त ठेवणार. रात्री, एकट्याने, मोठा शार्क गळाला लागला तर तो होडी भोवऱ्यात ओढत नेतो. दोरी धरायला एक आणि होडी सांभाळायला दुसरा असे दोघेसुद्धा नसतील तर भोवऱ्यातून बाहेर पडणं जवळपास अशक्य. पळनी बहिष्काराने मेला. किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याला एकटं सोडलं, समुद्राने फक्त उरलेलं काम केलं. बहिष्कार घालणारी माणसं पडद्यावर स्पष्ट आहेत, त्यांची तोंडं दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं. तरी अंतिम दृश्य सगळा दोष लाटांच्या स्वाधीन करतं.

आणि हे करणारे कारियाट अकरा वर्षांपूर्वी वेगळं करून बसले होते. १९५४चा 'नीलक्कुयिल' त्यांनी पी. भास्करन यांच्याबरोबर दिग्दर्शित केला, कथा उरूब यांची. त्यात श्रीधरन नायर हा शाळामास्तर नीली या दलित मुलीच्या प्रेमात पडतो, ती गरोदर राहते आणि लग्नाची वेळ येताच तो जातीचं कारण सांगून पाय मागे घेतो. नीली मूल जन्माला घालून रेल्वेमार्गाजवळ मरते. त्या मुलाला शंकरन नायर हा पोस्टमन वाढवतो आणि अखेर मास्तराला आपल्या मुलासमोर उभं राहावं लागतं. इथे देवी नाही, वादळ नाही. दोषी माणसाला नाव आहे, नोकरी आहे, गावात मान आहे. मास्तरची भूमिका करणारे सत्यन पुढे 'चेम्मीन'मध्ये पळनी झाले. चित्रभाषेच्या दृष्टीने 'चेम्मीन' कितीतरी पुढचा, पण धाडसात 'नीलक्कुयिल' त्याच्याही पुढे आहे असं आमचं ठाम मत आहे. केरळात तर पडद्यावरच्या प्रेमाची शिक्षा प्रत्यक्ष माणसाला देण्याची सुरुवात पहिल्याच मल्याळम चित्रपटापासून झाली होती. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन'मध्ये पी. के. रोझी या दलित अभिनेत्रीने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून तिरुवनंतपुरमच्या थिएटरात पडद्यावर दगड पडले आणि तिला गाव सोडून जावं लागलं. दगड लाटांनी मारले नव्हते.

'नीलक्कुयिल' आला त्याच वर्षी, १९५४ मध्ये, संसदेने विशेष विवाह कायदा केला. करुतम्मा हिंदू, परीकुट्टी मुसलमान. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा अशा दोघांनी धर्म न बदलता लग्न करायची कायदेशीर सोय अकरा वर्षं जुनी होती. चित्रपटात तिचा उच्चार नाही, आणि १९६५च्या मच्छीमार वस्तीत ती कुणाला माहीत नसणं स्वाभाविकही आहे. पण समजा ते दोघे कार्यालयात गेलेच असते, तर काय झालं असतं? तो कायदा आजही तसाच आहे, म्हणून हा प्रश्न आजच्या जोडप्यांचाही आहे.

विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. कलम ५ प्रमाणे ती ज्या जिल्ह्यात द्यायची, तिथे दोघांपैकी किमान एकाचं त्याआधी सलग ३० दिवस वास्तव्य हवं. म्हणजे घरातून पळून दुसऱ्या जिल्ह्यात आलेल्या जोडप्याला आधी ३० दिवस तिथे राहायचं, मग नोटीस, मग हरकतींसाठी आणखी ३० दिवस. दोन महिने भाड्याची खोली, ओळखपत्राच्या प्रती, शेजाऱ्यांच्या नजरा. हे सगळं अशा काळात की ज्या काळात घरचे त्यांना शोधत असतात. कलम ६ प्रमाणे नोटीस विवाह नोटीस-वहीत नोंदली जाते. ती वही वाजवी वेळेत कुणालाही फुकट पाहता येते. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. जोडप्यापैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. ज्या गावातून जीव मुठीत धरून निघाले, त्याच जिल्ह्याच्या कार्यालयाच्या भिंतीवर आपलं नाव, वय, व्यवसाय आणि पत्ता. सरकारी यंत्रणेने याहून अचूक माहिती मागे लागलेल्यांच्या हाती कशी द्यावी?

कायद्याने हरकतीचं कारण मात्र फार मर्यादित ठेवलं आहे. हरकत कलम ४ च्या अटींबद्दलच घेता येते : दोघांपैकी कुणाचं आधीचं लग्न कायम आहे, मुलगा २१ किंवा मुलगी १८ वर्षांची नाही, मनाची स्थिती संमती देण्याजोगी नाही, किंवा नातं निषिद्ध पायरीतलं, म्हणजे लग्नाला वर्ज्य इतकं जवळचं आहे. जात, धर्म, आईवडिलांचा नकार यांपैकी काहीही हरकतीचं कारण होऊ शकत नाही. पण वही पाहायला येणाऱ्याला कारण विचारलं जात नाही, आणि नुकसान तिथेच होतं. हरकत नोंदवायचीच गरज नाही, पत्ता मिळाला की झालं. त्यानंतर मुलीच्या घरून हरवल्याची तक्रार, कधी अपहरणाचा, कधी घरातले दागिने चोरल्याचा गुन्हा. मुलगी अल्पवयीन आहे असाही दावा होतो, म्हणून जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात स्वतःजवळ नसेल तर पहिल्याच दिवशी अडचण. हरकत नोंदलीच, तर चौकशीला आणखी ३० दिवस. अधिकाऱ्याने ती मान्य केली तर जोडप्याला जिल्हा न्यायालयात अपील, त्यासाठी ३० दिवसांची मुदत. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर, अपिलाचे प्रसंग वगळता, नोटीस रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून.

शिक्षेची विभागणी तर या कायद्याचा कल उघड करते. हरकत अवाजवी, वाईट हेतूने घेतली असं ठरलं तर हरकतदाराला भरावी लागणारी नुकसानभरपाई जास्तीत जास्त १००० रुपये. उलट, जोडप्याचा जीव धोक्यात आहे हे ओळखून एखाद्या विवाह अधिकाऱ्याने नोटीस न लावता किंवा ३० दिवस पुरे व्हायच्या आत जाणूनबुजून लग्न लावलं, तर कलम ४६ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मागे लागणाऱ्याची जोखीम हजार रुपयांची, मदत करणाऱ्याची तुरुंगाची.

नोटिशीचं समर्थन करणारे दोन मुद्दे मांडतात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवं. पहिला : फसवणूक आणि दुसरं लग्न रोखण्यासाठी ती हवी. मग १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अशी नोटीस का नाही? तिथेही पहिलं लग्न कायम असताना दुसरं बेकायदा आहे, तिथेही फसवणूक होते, तरी तिथे दोन हिंदू सकाळी मंदिरात विधी करून संध्याकाळी नवरा-बायको असतात. एकाच देशात एकाच अपराधाची भीती आंतरधर्मीय जोडप्याबाबतच इतकी तीव्र कशी होते? शिवाय विशेष विवाह कायद्यातच खोटं प्रतिज्ञापत्र देण्याला आणि द्विभार्या-द्विपती लग्नाला कलम ४३ ते ४५ मध्ये शिक्षा आहे. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार आणि दोघांचं सहीचं घोषणापत्र लागतंच. पडताळणी करायची तर अधिकाऱ्याने कागदपत्रांची करावी, भिंतीवर लावून गावाकडून करून घेऊ नये.

दुसरा मुद्दा : कुटुंबाला कळायला हवं. हे मोकळेपणाने बोलणारे लोक निदान प्रामाणिक आहेत, कारण नोटिशीचं खरं काम तेच आहे. पण १८ वर्षांच्या स्त्रीने कुणाला मत द्यायचं हे जसं घरच्यांना कळवून ठरत नाही, तसंच लग्नही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंह प्रकरणात प्रौढांनी जातीबाहेर केलेल्या लग्नाला पोलिसांनी संरक्षण द्यावं असं सांगितलं. २०१८ मध्ये तर केरळचंच हादिया प्रकरण न्यायालयापुढे होतं : आदल्या वर्षी केरळ उच्च न्यायालयाने एका प्रौढ, शिकलेल्या स्त्रीचं लग्न रद्द करून तिला वडिलांच्या ताब्यात दिलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये ते लग्न पुन्हा कायम केलं. त्याच महिन्यात शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, २४ तासांची मदतवाहिनी आणि सुरक्षित निवारा यांचे आदेश आले. निवारा आधी एक महिना नाममात्र शुल्कात आणि गरज असेल तर एक वर्षापर्यंत. आदेश काटेकोर आहेत. त्यांच्यासाठी खोल्या, शिपाई आणि पैसा लागतो, आणि तिथेच अंमलबजावणी अडते. ज्या केरळला साक्षरतेचा अभिमान आहे, त्याच केरळात २०१८ मध्ये कोट्टयमजवळ एका दलित ख्रिस्ती तरुणाला बायकोच्या घरच्यांनी पळवून नेलं आणि त्याचा मृतदेह ओढ्यात सापडला. पोलिसांकडे तक्रार वेळेत गेली होती. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती प्रतिष्ठेसाठी केलेली हत्या ठरवून मुलीच्या भावासह दहा जणांना दोषी धरलं. प्रेत पाण्यात सापडलं एवढ्यावरून कुणी ओढ्यावर आरोप ठेवला नाही, आणि पडद्यावरही तेवढीच स्पष्टता का असू नये?

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ३० दिवसांची नोटीस टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोघांपैकी एकाने धर्म बदलणं. आर्य समाजात शुद्धी करून वैदिक पद्धतीने लग्न, किंवा इस्लाम स्वीकारून निकाह, हे धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा नसलेल्या राज्यांत एक-दोन दिवसांत होऊ शकतं. म्हणजे धर्म न बदलता लग्न करायचा जो एकमेव सरकारी रस्ता आहे, तोच आपण सर्वांत लांब आणि धोक्याचा करून ठेवला आहे. लग्नासाठी होणाऱ्या धर्मांतराबद्दल ज्यांना मनापासून आक्षेप आहे, त्यांनी नोटीस काढण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी होती. तसं होत नाही. 'लव्ह जिहाद' हा शब्द घेऊन गोंगाट करणाऱ्या टोळ्यांना ही वही हवीच असते. केरळच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या नोटिशी उतरवून समाजमाध्यमांवर पसरवल्या गेल्या, म्हणून जुलै २०२० मध्ये सरकारने त्या संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. चांगलं पाऊल, पण अर्धंच. कार्यालयातली भिंत तशीच राहिली. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. तो निकाल केरळात किंवा महाराष्ट्रात थेट लागू होत नाही.

महाराष्ट्राचा उल्लेख इथे ओढूनताणून केलेला नाही. कायदा तोच, फलक तसाच. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. त्याच राज्याच्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये अशा विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली, आणि टीका झाल्यावर आंतरजातीय विवाह वगळून फक्त आंतरधर्मीय विवाह तिच्या कक्षेत ठेवले. घरच्यांपासून तुटलेल्या मुलींना पुन्हा कुटुंबाशी जोडणं हा हेतू सांगितला गेला. मुलीने स्वतः मागितली नसेल तर अशी मदत आणि पाळत यांत फरक उरत नाही.

आता पुन्हा पडद्याकडे. 'एन्नु निन्टे मोइदीन' (२०१५) हा कोळिकोडजवळच्या मुक्कम गावातल्या कांचनमाला आणि बी. पी. मोइदीन यांच्या खऱ्या आयुष्यावरचा चित्रपट फार मोठ्या प्रमाणावर पाहिला गेला. ती हिंदू, तो मुसलमान. तिला घरच्यांनी वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. मोइदीन १९८२ मध्ये इरुवळिञ्ञी नदीत नाव उलटली तेव्हा बुडणाऱ्यांना वाचवताना गेले. इथे नदी खरोखरच नदी आहे, तिचा मृत्यूतला वाटा खरा आहे. तरी चित्रपटाचं सगळं सौंदर्य, पाऊस, गाणी आणि पत्रं, वाट पाहण्यालाच वाहिलेलं आहे. कोंडणं हा गुन्हा होता, प्रौढ स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवणं तेव्हाही दंडसंहितेत होतं, ही जाणीव पावसाच्या आवाजात विरून जाते. त्यानंतर मोइदीन यांच्या नावाने सेवाकार्य उभारणाऱ्या कांचनमाला कितीतरी जास्त कणखर वाटतात.

याउलट २०१६चा 'किस्मत'. शानवास बावकुट्टी यांचा, पोन्नानीत घडणारा. २३ वर्षांचा मुसलमान मुलगा, २८ वर्षांची दलित मुलगी, आणि चित्रपटाचा मोठा भाग पोलीस ठाण्यात. दोघेही प्रौढ, संरक्षण मागायला आलेले, आणि त्यांच्यासमोर साहेब त्यांची जात, वयातला फरक आणि घरची इज्जत मोजत बसलेला. ठाण्याच्या बाकावरचे ते तास पाहताना छातीत धडधडतं, कारण इथे बंदी कशी घातली जाते ते टप्प्याटप्प्याने दिसतं : आधी समजूत, मग दोन्ही घरांना फोन, मग मुलाला वेगळ्या खोलीत, मग मुलीला 'विचार कर' म्हणून एकटं बसवणं. कायद्याप्रमाणे ठाण्याचं काम एवढंच होतं की दोघांची वयं तपासावीत, त्यांचे जबाब वेगवेगळे नोंदवावेत, आणि त्यांना सुरक्षित जायचं असेल तिथे पोहोचवावं. कला म्हणजे कायद्याची मार्गदर्शिका नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण 'किस्मत' मार्गदर्शिका नाही, तो चांगला चित्रपट आहे, आणि त्यातला ताण नेमका त्या तपशिलातून येतो.

विशेष विवाह कायद्यात बदल करायला फार मोठी क्रांती लागत नाही. कलम ५ मधली ३० दिवसांच्या वास्तव्याची अट आणि कलम ६ मधली वही व फलकाची तरतूद काढावी. कलम ७ मधली हरकत फक्त कागदोपत्री पुराव्यासह घेता यावी. अवाजवी हरकतीची हजार रुपयांची मर्यादा खऱ्या नुकसानाइतकी वाढवावी. विधी आयोगानेही २०१८च्या कुटुंब कायद्याविषयीच्या सल्लापत्रात हा ३० दिवसांचा काळ कमी करावा किंवा जोडप्यांना पुरेसं संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. संसद चालढकल करत असेल तर केरळ किंवा महाराष्ट्राच्या विधानसभेला राष्ट्रपतींच्या संमतीने स्वतःपुरती दुरुस्ती करता येते. तोवर निदान एवढं करता येईल, की वही पाहायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र आणि येण्याचं कारण शेजारच्या दुसऱ्या वहीत नोंदलं जाईल आणि ती वही जोडप्याला पाहता येईल.